टाकी हलवायची, पण कुठे?

अमेरिकेत जुन्या पिकअप गाड्या हौसेने दुरुस्त करून वापरणारे पुष्कळ लोक आहेत. पिकअप म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली छोटी मालमोटार. शेव्हरोलेच्या १९६७ ते १९७२ या काळातल्या पिकअप त्यांच्या विशेष आवडीच्या. या गाड्यांत पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, आसनाच्या पाठीमागे उभी असते. चालकाच्या पाठीशी आसन आणि आसनाच्या पाठीशी जवळजवळ पाऊणशे लिटर पेट्रोल! त्यामुळे गाडी हाती आली की अनेक जण आधी ही टाकी तिथून काढतात.

त्यांची भीती खोटी नाही. द्रवरूप पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. आणि शून्याखाली ४० अंश सेल्सिअसलाही पेट्रोलची पेट घेण्याइतकी वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. गळती झाली तर ती केबिनच्या तळाशी साचून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झाले की एक ठिणगी पुरते. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक धोक्याची असते. भरलेल्या टाकीत वाफेबरोबर मिसळायला हवाच नसते, रिकामीत ती भरपूर असते. जुन्या टाकीला ‘रिकामीच तर आहे’ म्हणून वेल्डिंग करायला जाणाऱ्याने हे आधी ऐकावे.

मग टाकी बसवायची कुठे? गाडीखाली चासीचे दोन लांब पोलादी गर्डर असतात. १९७३ ते १९८७ या काळात जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या पिकअपच्या टाक्या या गर्डरांच्या बाहेर, दोन्ही बाजूंना बसवल्या. तिथे जागा भरपूर, पण बाजूने धडक बसली तर टाकी आणि धडकणारी गाडी यांच्यामध्ये पातळ पत्र्याशिवाय काही नाही. अशा आगींवरून बरेच खटले झाले. अखेर १९९४ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी समझोता करून सुरक्षिततेच्या कार्यक्रमांसाठी सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. गाड्या मात्र परत बोलावल्या गेल्या नाहीत.

हौशी मंडळी बहुधा टाकी दोन गर्डरांच्या मध्ये, मागच्या आसाच्या मागे बसवतात. बाजूचा धोका टळतो, पण मागच्या धडकेचा उरतो. फोर्डच्या पिंटो मोटारीची टाकी अशीच आसाच्या मागे होती. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावून टाकीपुढे प्लास्टिकची ढाल बसवावी लागली. पिकअपची चासी मोटारीपेक्षा दणकट असते हे खरे. तरीही टाकी मागच्या बंपरला चिकटवू नये, मध्ये शक्य तितके अंतर ठेवावे. पूर्णपणे निर्धोक अशी जागा गाडीत नाही. कोणती धडक सोसायची, एवढेच आपण निवडतो.

आता खरी गंमत. जागा बदलून गाडी सुरू केली, की उन्हाळ्यात ती अडखळू लागते. असे का?

जुन्या गाडीत इंजिनावर एक यांत्रिक पंप असतो. तो पेट्रोल ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वास्तविक तो नळीतला दाब फक्त कमी करतो, पेट्रोल ढकलते ती टाकीतल्या पृष्ठभागावरची हवा. सरबताच्या नळीतही हेच घडते. केबिनमधली टाकी उंचावर आणि इंजिनाजवळ होती. नवी टाकी खाली आहे आणि दोन-तीन मीटर मागे. त्यामुळे नळीतला दाब आणखी कमी करावा लागतो. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. पेट्रोलमधले हलके घटक तर एरवीही ३५ अंशांच्या आसपास उकळतात. शेजारून धुराड्याची तापलेली नळी गेली असेल तर विचारायलाच नको. नळीत बुडबुडे होतात, आणि पंपाच्या हाती पेट्रोलऐवजी वाफ लागते.

उपाय प्रेशर कुकरचा! विजेवर चालणारा पंप टाकीजवळ बसवायचा. तो पेट्रोल ओढत नाही, पुढे ढकलतो. नळीतला दाब वाढतो आणि उत्कलनबिंदू वर जातो. मात्र असा पंप अपघातात इंजिन बंद पडले तरी चालूच राहील आणि फुटलेल्या नळीतून पेट्रोलचा फवारा उडवील. म्हणून धक्का बसताच वीज तोडणारा स्विच त्याच्या जोडीला हवाच.

हवेचे आणखी एक काम राहिले. गोडेतेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो: एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. टाकीलाही हे दुसरे भोक लागते. ते विसरले तर काही अंतर गेल्यावर टाकीत हवा विरळ होते आणि पेट्रोल यायचे थांबते. झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो आणि गाडी परत सुरू होते. मेकॅनिक बिचारा पंप बदलत बसतो! वर्गात एकच भोक पाडलेला डबा उलटा धरून हे दाखवता येईल.

वजनाचे गणित मुलांना करू द्या. ७५ लिटर पेट्रोल म्हणजे सुमारे ५६ किलो. पुढच्या-मागच्या चाकांत २.९ मीटर अंतर आणि टाकी मागच्या आसाच्या पाऊण मीटर मागे, असे धरा. गाडी ही तरफ आणि मागचा आस हा टेकू. पुढच्या चाकांवरचा भार सुमारे साडेचौदा किलोने हलका होतो, मागच्यांवर सत्तर किलो वाढतात. रिकाम्या पिकअपची मागची चाके ओल्या रस्त्यावर सहज घसरतात, त्यामुळे मालक या बदलावर खूशच असतात.

दुसरे गणितही देता येईल. एक अंश तापमान वाढले की एक लिटर पेट्रोल सुमारे एक घनसेंटिमीटरने प्रसरण पावते. पहाटे ७५ लिटरची टाकी काठोकाठ भरली आणि दुपारी पेट्रोल २० अंशांनी तापले, तर किती पेट्रोल बाहेर येईल? उत्तर साधारण दीड लिटर येते. नवी टाकी बसवणारे भरणीची नळी जोडताना वरच्या बाजूला थोडी जागा रिकामी राहील असे पाहतात, ती यासाठीच.