टोपली विणायला बसण्याआधी एवढं माहीत असू द्या 🧺

शनिवार-रविवार जोडून जोयडा तालुक्यात नंदिगड्डेच्या बाजूला बांबूकाम शिकायला निघालात? मग हे वाचाच.

🎋 जोयडा तालुक्याच्या रानात काटेरी कळक आणि मेस हे दोन बांबू मुख्य. यंदाचा कोवळा बांबू सुकताना आक्रसतो, फार जून असेल तर चिरताना मोडतो. मधल्या वयाचा निवडा.

🎋 तोड पावसाळा सरल्यावर. तेव्हा बांबूत पिष्ट कमी असतं, म्हणून भुंगा कमी लागतो. पाण्यात मुरवला तर आणखी टिकतो.

🎋 सालीकडची बेळ (चिरलेली पट्टी) चिवट, ती काठाला आणि बांधणीला. गाभ्याकडची कमकुवत.

🎋 गोल टोपलीत उभ्या पट्ट्या विषम संख्येत ठेवा. एक वर, एक खाली अशी वीण दर फेरीला आपोआप पालटते.

🌿 बांधायला दोर हवा? केळीच्या सोपाचा किंवा घायपाताचा वाख वळून पाहा.

⚠️ तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आहे. भारतीय वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू त्या कायद्यात ‘झाड’ राहिला नाही. जंगलातल्या बांबूला मात्र परवानगी लागतेच. माल कुठून आणला, हे शिकवणाऱ्यांना जरूर विचारा.

#बांबूकाम #जोयडा