सातमाळ्याची धार, आष्टीची विहीर

जालना जिल्ह्यातल्या आष्टीच्या शिवारात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती, मग मुरूम आणि त्याखाली मांजऱ्या अन् काळा पाषाण. हेच थर उघड्यावर पाहायचे असतील तर नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा रांगेच्या धारेवर चालावं. पावसाळा सरताना मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप अशी शिखरं गवतातून एकामागून एक सामोरी येतात.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थर एकावर एक पसरले. थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकले, पुढं त्या पोकळ्यांत खनिजं भरली, तोच मांजऱ्या. आतला लाव्हा सावकाश निवून घट्ट पाषाण झाला. मांजऱ्या लवकर झिजतो, त्याचा उतार होतो. पाषाण तग धरतो, त्याचा कडा होतो. 'ट्रॅप' हे या खडकाचं नावसुद्धा जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून आलंय. दोन्ही अंगांचे ओढे डोंगर कोरत गेले, त्यांची डोकी जिथं भिडली तिथं खिंड पडली. मधे उरली ती शिखरं. सुमारे 1450 मीटर उंच धोडपची भिंत मात्र निराळी आहे. उभ्या भेगेत शिरून थिजलेला तो लाव्हा; भोवतालचा खडक गेला, भिंत राहिली.

उतारावर माती जेमतेम वीतभर. चार महिने पाऊस, मग आठ महिने कोरडे. मोठ्या झाडाला इथं मूळ रोवणं अवघड; पवन्या आणि कुसळी या गवतांना मात्र हीच जागा मानवते. मोज्यात रुतलेलं कुसळ काढून फेकू नका. तळहातावर ठेवा, पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडतो आणि कुसळ स्वतःभोवती फिरू लागतं! ओल्या-सुक्या हवेनं त्यातले तंतू कमीजास्त फुगतात, म्हणून हा पीळ. दवानं सुटायचं, उन्हानं आवळायचं, असं करत कुसळाला जोडलेलं बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. टोकाचे उलटे केस त्याला मागं सरकू देत नाहीत. वरून वणवा गेला तरी मातीतलं बी वाचतं.

अशा माळांना 'पडीक' म्हणून तिथं झाडांसाठी खड्डे खणले जातात, तेव्हा मला वाईट वाटतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी साहित्यातले वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातले गवताळ माळ निदान 750 वर्षं जुने आहेत, असं त्यांनी 2025मध्ये दाखवून दिलं. जंगल तुटून माळ झाला, हे सगळीकडे खरं नाही.

धारेवर पूर्वेकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या अंगाचं पाणी गिरणेतून तापीला, पुढं अरबी समुद्राला. उजव्या अंगाचं कादवेतून गोदावरीला; ते पैठणवरून, आपल्या जालना जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीनं, आष्टीच्या दक्षिणेकडून बंगालच्या उपसागराकडं निघतं.