जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही

कापडाच्या धंद्यात गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. भिवंडीहून मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटला नमुन्याचे तागे पोहोचवायचे, प्रोसेस हाऊसला चक्कर मारायची, उधारी वसूल करायची, ही सर्व कामे गाडीवरच चालतात. बरेच व्यापारी सेडान पसंत करतात, कारण डिकी मोठी मिळते. परंतु या गाड्यांचे पोट जमिनीला जवळ असते आणि डिकीत माल भरला की ते आणखी खाली येते. मग गतिरोधकावर गाडी घासते, सायलेन्सरचा क्लॅम्प सुटतो, इंजिनखालचा पत्रा लोंबू लागतो. अशा किरकोळ कामासाठी गॅरेजमध्ये दिवस मोडण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी घरीच काम उरकावे, असा विचार अनेकजण करतात.

हा विचार चुकीचा नाही. मात्र गाडी जमिनीवरून उचलली की हिशेब पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो.

2019 च्या पावसाळ्यात आमच्या गोदामाच्या आवारात घडलेली गोष्ट सांगतो. माझा भाचा इंजिनखालचा पत्रा बसवत होता. डिकीतल्या जॅकवर गाडी उचललेली आणि आधाराला दोन विटा. दहा नंबरचा पाना आणण्यासाठी तो बाहेर आला, तेवढ्यात जॅक तिरपा झाला, विटांचा भुगा झाला आणि गाडी खाली बसली. तो सहीसलामत राहिला, पण त्यात आमची काहीच हुशारी नव्हती. त्यानंतर ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकजवळ बसून मी हे काम नीट समजून घेतले. तेच येथे मांडत आहे.

वजनाचा अंदाज

कापसाची एक गाठ 170 किलोची असते. मध्यम आकाराच्या सेडानचे वजन साधारण 1,100 ते 1,200 किलो, म्हणजे अशा सहा-सात गाठी. गोदामात एक गाठ दोरीला टांगलेली असेल तर आपण तिच्याखाली उभे राहत नाही. मग सहा-सात गाठींच्या वजनाखाली एका जॅकच्या भरवशावर कसे झोपायचे?

हायड्रॉलिक जॅक कसा चालतो ते पाहिले की ही भीती खरी असल्याचे पटते. सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांनी सांगितलेल्या नियमावर तो चालतो. लहान दट्ट्याने तेलावर दाब दिला की तो दाब मोठ्या दट्ट्यावर पोहोचतो आणि थोड्या जोरात मोठे वजन उचलले जाते. सगळा भार तेलावर आणि ते अडवणाऱ्या रबरी सीलवर असतो. सील झिजले किंवा झडपेत कचरा अडकला की जॅक खाली बसतो. गाडीसोबत मिळणारा कात्री जॅक स्क्रूवर चालतो. त्यात तेलाचा प्रश्न नाही, पण त्याचा पाया अरुंद असल्याने तो कलंडतो. तो फक्त चाक बदलण्यासाठी दिलेला असतो.

बुटक्या गाडीची खास अडचण

उंच जीपखाली कोणताही जॅक सहज जातो. बुटक्या गाडीला दोन अडचणी येतात. पहिली, साध्या ट्रॉली जॅकची कमीत कमी उंची 13-14 सेंटीमीटर असते. पुढून तो आत सरकवताना बंपर आडवा येतो, हँडल अडते. टायर पंक्चर असेल तर जागा आणखी कमी होते. दुसरी अडचण अशी की दाराखालच्या पट्टीवर ठरवून दिलेली मजबूत जागा एकच असते. तिथे जॅक लावला तर स्टँड कुठे लावायचा?

पहिल्या अडचणीला दोन उपाय आहेत. 8-9 सेंटीमीटर उंचीचा लो-प्रोफाइल ट्रॉली जॅक मिळतो, तो घ्यावा. किंवा टायरपेक्षा रुंद आणि दीड-दोन इंच जाड अशा भरीव सागवानी फळ्या घेऊन त्यांवर पुढची दोन्ही चाके हळूच चढवावीत. फळीच्या टोकाला आडवा ठोकळा ठोकावा, म्हणजे चाक पुढे उतरणार नाही. चढवताना खुणा करणाऱ्या माणसाने बाजूला उभे राहावे, गाडीसमोर नव्हे. एवढ्याने बंपर चार-पाच सेंटीमीटर उचलला जातो आणि जॅक आत जातो.

दुसऱ्या अडचणीचा उपाय गाडीच्या माहितीपुस्तिकेत शोधावा. बहुतेक गाड्यांना पुढे मधोमध जॅक लावण्याची मजबूत आडवी तुळई असते. तिथून दोन्ही बाजू एकदम उचलाव्यात आणि पट्टीखालच्या जागा स्टँडसाठी मोकळ्या ठेवाव्यात. इंजिनचा ऑइल चेंबर, फ्लोअरचा पत्रा किंवा सायलेन्सर यांखाली जॅक कधीही लावू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीत बहुधा बॅटरी पोटाखालीच असते, तिला चुकूनही जॅक टेकवू नये.

कामाचा क्रम

1. जागा सपाट आणि पक्की हवी, सिमेंट काँक्रीट सर्वात उत्तम. गटारावरची फरशी, पेव्हर ब्लॉक आणि माती टाळावी. उन्हाने तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात. नाइलाज असेल तर प्रत्येक स्टँडखाली जाड लोखंडी प्लेट ठेवावी.

2. हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. परंतु बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की तो निकामी होतो. त्याचप्रमाणे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची बाजू उचलली की गिअरचा आधार जातो. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी घट्ट लावाव्यात. दगड लावू नये, तो सटकतो.

3. चाक काढायचे असल्यास नट जमिनीवरच थोडे सैल करावेत. उचललेल्या गाडीवर पान्याला जोर देऊ नये.

4. गाडीत कोणी बसलेले नाही याची खात्री करून हळूहळू उचलावे. ट्रॉली जॅकचे डोके सरळ वर न जाता कमानीत जाते, म्हणून उचलताना जॅकची चाके फिरली पाहिजेत. खडीत ती अडकली तर डोके जागेवरून सरकते. दर चार-पाच दांड्यांनंतर खाली पाहावे.

5. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे स्टँड लावावेत. पट्टीवर कंपनीने केलेल्या दोन खाचांच्या मधली जागा त्यासाठी असते. स्टँडच्या डोक्यावर खाच असलेला रबरी गुटका ठेवावा, म्हणजे पट्टी वाकत नाही. किनारपट्टीच्या गावांत आणि पावसाळ्यानंतर पट्टीला गंज लागला आहे का ते आधी पाहावे. गंजलेली पट्टी आतून पोकळ असते आणि भार घेत नाही.

6. जॅक हळूच सोडून वजन स्टँडवर बसवावे. नंतर जॅक पुन्हा किंचित टेकवून जागेवर राहू द्यावा. काढलेले चाक किंवा स्टेपनी पट्टीखाली आडवी सरकवावी. एवढे करूनही गाडी घसरली तर मध्ये जागा उरते.

7. खाली जाण्यापूर्वी बाहेर उभे राहून गाडी हाताने हलवून पाहावी. ती डुलली तर सगळे पुन्हा करावे. जी गाडी हलायची ती तुम्ही बाहेर असताना हलू द्या.

8. उतरवताना उलट क्रम. आधी जॅकने थोडे उचलावे, स्टँड काढावेत, हत्यारे आणि माणसे दूर करावीत, मग झडप अगदी हळू सोडावी. चाकाचे नट तिरप्या क्रमाने आवळावेत, शेवटचा ताण टायर जमिनीला टेकल्यावर द्यावा आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

काय करू नये

विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक यांवर गाडी ठेवू नये. लाकूड दबताना आवाज करते, वीट सूचना न देता फुटते. गिअरबॉक्स उतरवणे, गंजलेला नट लांब पाइप लावून ओढणे ही कामे घरी करू नयेत. त्या झटक्याने गाडी स्टँडवरून सरकते. बंद शेडमध्ये गाडीखाली काम करताना इंजिन चालू ठेवू नये, धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. घरात कोणाला तरी सांगून मगच खाली जावे आणि लहान मुलांना आवारातून दूर ठेवावे.

स्टँडची जोडी घेताना त्यावरील क्षमता वाचावी. सेडानसाठी दोन टनांची जोडी असावी, वेल्डिंग आणि खिळ जागेवर आहे का ते पाहावे. व्यापारी म्हणून आपण प्रत्येक वस्तूचा भाव करतो आणि ते योग्यच आहे. स्टँडच्या बाबतीत मात्र स्वस्त पाहून घेऊ नये. आमच्या गोदामात त्या दिवसानंतर दोन स्टँड, चार पाचरी आणि दोन फळ्या एकत्र ठेवलेल्या असतात. त्या काढल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही, असा नियम आहे. भाचा आजही गाडीचे काम स्वतःच करतो, पण आधी बाहेर उभा राहून गाडी हलवून पाहतो.