एक विकृती, अनेक नावे : फुप्फुसाच्या एका विरळ जन्मदोषाविषयी

गर्भावस्थेत फुप्फुसातील वायुमार्गांच्या शाखांची वाढ बिघडली म्हणजे एखाद्या खंडात निकोप वायुकोशांऐवजी लहानमोठ्या पुटींचा पुंजका निर्माण होतो. हा दोष सुमारे 25 ते 35 हजार जन्मांमागे एकदा आढळतो, असे सांगितले जाते. काही अर्भकांना जन्मतःच श्वास घेणे कठीण जाते. काहींत वर्षानुवर्षे लक्षणच दिसत नाही. तर काही मुलांना छातीच्या त्याच भागात पुनःपुन्हा न्यूमोनिया होतो.

चिन आणि तांग यांनी 1949 साली या विकृतीचे वर्णन केले व पुढे ‘सिस्टिक ॲडिनोमॅटॉइड मॅल्फॉर्मेशन’ (सी.सी.ए.एम.) हे नाव रूढ झाले. स्टॉकर व त्यांचे सहकारी यांनी 1977 मध्ये पुटींच्या आकारावरून तिचे तीन प्रकार पाडले. पुढे 2002 मध्ये स्टॉकर यांनी ही संख्या पाच केली. या पाचांपैकी सर्वच पुटीमय नव्हते, आणि ग्रंथिसदृश तर एकच होता, यास्तव ‘पल्मोनरी एअरवे मॅल्फॉर्मेशन’ (सी.पी.ए.एम.) हे नवे नाव पुढे आले.

अभ्यासकाची अडचण येथेच सुरू होते. केवळ नव्या नावाने शोध घेणाऱ्यास अर्धशतकाचे जुने लेखन दुरावते. केवळ जुन्या नावाने शोधणाऱ्यास अलीकडचे. ‘सीक्वेस्ट्रेशन’ ही निकटची विकृतीही लक्षात ठेवावी लागते. तीत बाधित भागास रक्त थेट महारोहिणीच्या शाखेतून मिळते. दोन्ही विकृती एकत्रही आढळतात, आणि अशी रक्तवाहिनी आधी ओळखली न गेल्यास शस्त्रक्रियेत मोठा रक्तस्राव संभवतो.

हा प्रश्न केवळ ग्रंथालयातला नव्हे. घाटनांदूरच्या एखाद्या मातेच्या सोनोग्राफीच्या अहवालात एक संक्षेप असेल आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातील कागदावर दुसरा, तर कुटुंबास ते दोन निराळे रोग वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय गर्भारपणाच्या अखेरीस पुटी सोनोग्राफीत दिसेनाशा झाल्या, तरी विकृती नाहीशी झाली असे म्हणता येत नाही, जन्मानंतर सी.टी. तपासणीत ती पुष्कळदा आढळते.

म्हणून अहवालात दोन्ही नावे, बाधित खंड, पुटींचा आकार आणि रक्तपुरवठ्याचा उगम या चार गोष्टी नोंदविल्या जाव्यात. शोधाची आणि उपचाराची वाट त्यांतूनच सुकर होते.