डोळा नव्हे, कोपर

क्लीव्हलँडचा बेसबॉलपटू हर्ब स्कोर याचं नाव निघालं की अमेरिकेत एकच तारीख निघते : ७ मे १९५७. क्लीव्हलँडच्या म्युनिसिपल स्टेडियमवर न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा सामना नुकता सुरू झाला होता. दुसराच फलंदाज गिल मॅकडूगल्ड. स्कोरचा चेंडू त्याने होता तसा सरळ परत मारला. बेसबॉलमध्ये पिचर (चेंडू फेकणारा) आणि फलंदाज यांच्यात साडेसाठ फूट अंतर असतं, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या ६६ फुटी खेळपट्टीहून कमीच. शिवाय चेंडू सुटल्यावर पिचर झोकाने आणखी पुढे आलेला असतो. चेंडू स्कोरच्या उजव्या डोळ्यावर बसला. नाकाचं हाड मोडलं, डोळ्यात रक्तस्राव झाला. उसळलेला चेंडू क्षेत्ररक्षक अल स्मिथने उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि मॅकडूगल्ड बाद झाला. स्कोरची दृष्टी गेली तर आपण खेळ सोडू, असं त्याने त्याच दिवशी सांगून टाकलं.

काय पणाला लागलं होतं, हे कळायला मागची वर्षं पाहावी लागतात. डावखुरा स्कोर तीन वर्षांचा असताना पावाच्या गाडीखाली सापडला होता, पुढे संधिवाताचा ताप झाला. साय स्लॅपनिका या जाणत्या पारख्याने त्याला १९५२ मध्ये, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, क्लीव्हलँडसाठी करारबद्ध केलं. क्लीव्हलँडचा महान पिचर बॉब फेलरही स्लॅपनिकाचाच शोध. १९५५ च्या पहिल्याच मोसमात स्कोरने २४५ फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं. नवख्याचा हा विक्रम १९८४ मध्ये ड्वाइट गुडनने मोडेपर्यंत टिकला. पुढच्या वर्षी २६३ स्ट्राइकआउट आणि नावावर २० विजय. मार्च १९५७ मध्ये बॉस्टनच्या संघाने त्याच्यासाठी १० लाख डॉलर देऊ केले. क्लीव्हलँडने नकार दिला.

मग तो चेंडू, आणि सारं संपलं, असं लोक सांगतात. मला ही कथा पटत नाही. नोंदी वेगळं बोलतात. दृष्टी परतली, स्कोर १९५८ मध्ये पुन्हा पिचरच्या माउंडवर उभा राहिला. एप्रिलमध्येच शिकागो व्हाइट सॉक्सला एकही धाव न देता त्याने १३ जणांना स्ट्राइकआउट केलं. डोळ्याची धास्ती घेतलेल्या माणसाला हे जमतं का? त्यानंतर थोड्याच दिवसांत, वॉशिंग्टनमधल्या दमट हवेतल्या रात्री, कोपर दुखावलं. स्नायुबंध फाटला होता. दुखरा हात सांभाळताना फेकीची लय बिघडली आणि ती परत आलीच नाही. १९५९ मध्ये ९ विजय, ११ पराभव. १९६० मध्ये शिकागोला रवानगी. १९६२ मध्ये शेवट. एकूण ५५ विजय, ४६ पराभव.

स्कोर स्वतः जन्मभर हेच सांगत राहिला की माझा हात गेला, डोळा नव्हे. या आग्रहात मला त्याचा मोठेपणा दिसतो. डोळ्याची कथा मान्य करणं सोपं होतं, सहानुभूती आयती मिळाली असती. पण मग दोष मॅकडूगल्डच्या माथी बसला असता, आणि त्या फटक्यात त्याचा काही अपराध नव्हता.

१९६४ ते १९९७ स्कोर क्लीव्हलँडच्या सामन्यांचं समालोचन करत होता. ज्या शहरात तो चेंडू त्याला लागला, त्या शहराने चौतीस मोसम त्याच्या आवाजात बेसबॉल ऐकलं.