रुग्णालयातील आपत्कालीन सूचनाव्यवस्था : परभणी जिल्ह्याच्या अनुषंगाने

रुग्णालयावर ओढवणारे संकट बहुधा एका माणसाच्या दृष्टीस प्रथम पडते. त्याचे निवारण मात्र अनेकांनी मिळून करावयाचे असते. धूर दिसतो तो रात्रपाळीच्या परिचारिकेस. वीज तोडावयाची असते ती तंत्रज्ञाने, रुग्ण हलवावयाचे असतात ते कक्षसेवकांनी, आणि पुढील उपचारांचा निर्णय घ्यावयाचा असतो तो डॉक्टरांनी. एकाचे पाहणे आणि अनेकांचे करणे यांमध्ये जो काळ जातो, तो कमी करणे हेच आपत्कालीन सूचनाव्यवस्थेचे प्रयोजन होय. भोंगा, ध्वनिक्षेपक, दूरध्वनी, मोबाइलवरील संदेश ही तिची साधने आहेत. साधने म्हणजेच व्यवस्था, असा समज मात्र पुष्कळ ठिकाणी आढळतो, आणि व्यवस्था निष्फळ होण्यास बहुधा तोच कारणीभूत ठरतो.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेने महाराष्ट्रातील रुग्णालये भरून गेली होती. त्या महिन्याच्या २१ तारखेस नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीस गळती लागली, पुरवठा खंडित झाला व वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्यानंतर थोड्याच दिवसांत परभणीच्या जिल्हा रुग्णालयात झाडाची फांदी कोसळून ऑक्सिजनच्या नळीस गळती लागली. येथे गळती वेळीच ध्यानात आली, रुग्णांना सिलिंडरांवर घेण्यात आले आणि अनर्थ टळला. दोन्ही ठिकाणची तांत्रिक परिस्थिती भिन्न असल्याने त्यांची गुणदोषांच्या दृष्टीने तुलना करणे उचित नव्हे. परंतु काळाचा हिशेब दोहोंसही सारखाच लागू पडतो.

हा हिशेब नीट पाहण्याजोगा आहे. एका जंबो सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लागणाऱ्या रुग्णास तो साडेअकरा तासांहून अधिक पुरतो. मिनिटाला ६० लिटर लागणाऱ्यास दोन तासही पुरत नाही. तथापि साठा तासांचा असला तरी गंभीर रुग्णास खंड मात्र काही मिनिटांचाही सोसत नाही. सिलिंडर कोठारात, कोठाराची किल्ली एकाच्या खिशात आणि तो मनुष्य घरी निजलेला, अशी स्थिती असेल तर भरलेला साठाही रिकाम्यासारखाच होय. यास्तव सूचनाव्यवस्थेचा विचार साठ्यापासून वेगळा करता येत नाही. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याच्यापर्यंत निरोप किती मिनिटांत पोचतो, हाही साठ्याचाच एक भाग समजावा लागतो.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षास मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षातील १७ बालकांपैकी ७ वाचली, १० दगावली. तेथेही धूर प्रथम दिसला तो कामावरील परिचारिकेस. रात्री मनुष्यबळ सर्वांत कमी असते, वरिष्ठ अधिकारी घरी असतात आणि मोबाइल पुष्कळदा मूक करून ठेवलेले असतात. कार्यालयीन वेळेत उत्तम चालणारी व्यवस्था या प्रहरी निकामी ठरू शकते. म्हणून सूचनाव्यवस्थेची परीक्षा दुपारी नव्हे, रात्री दोन वाजता घ्यावयास हवी.

अशा व्यवस्थेची तीन अंगे सांगता येतील. पहिले अंग अधिकाराचे. संकट ज्यास दिसले त्यानेच, वरिष्ठांच्या संमतीची वाट न पाहता, सूचना सुरू करावी असा स्पष्ट नियम असला पाहिजे. खोटी सूचना दिल्याबद्दल ठपका येईल ही भीती जेथे असते, तेथे पहिली मौल्यवान मिनिटे खातरजमा करण्यातच निघून जातात.

दुसरे अंग शब्दांचे. अनेक रुग्णालयांत ‘कोड रेड’, ‘कोड ब्लू’ असे संकेत पुकारण्याची रीत आहे. नातेवाइकांत घबराट पसरू नये हा तिचा हेतू. परंतु संकेत पाठ नसला तर कर्मचारीच गोंधळतात. कॅलिफोर्नियातील एका रुग्णालयात गोळीबाराच्या प्रसंगी चुकीचा संकेत पुकारला गेला व तिघांचा बळी गेला. त्यानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील रुग्णालयांच्या संघाने सर्वांसाठी समान संकेत ठरविले. ‘दुसरा मजला, बालकक्ष, धूर, जिन्याने खाली या’ यांसारख्या वाक्यात स्थळ, संकट आणि कृती ही तिन्ही येतात व त्यास पाठांतर लागत नाही. परभणी शहरात मराठीबरोबर उर्दू व हिंदी बोलणारा समाजही मोठा आहे. तेव्हा अशी वाक्ये दोन्ही भाषांत आधीच ठरवून ठेवणे अगत्याचे ठरते.

तिसरे अंग पोचपावतीचे, आणि हेच सर्वाधिक उपेक्षित आहे. व्हॉट्सॲपच्या समूहावर निरोप टाकला म्हणजे कळविले, असे मानले जाते. वस्तुतः निरोप धाडणे, तो पोचणे, तो वाचला जाणे आणि मनुष्य निघणे या चार निराळ्या अवस्था होत. चांगली यंत्रणा एकाच वेळी संदेश पाठविते व ध्वनिमुद्रित दूरध्वनीही करते. ठरलेल्या अवधीत ‘निघालो’ असे उत्तर न आल्यास यादीतील पुढच्या व्यक्तीस आपोआप हाक घालते. ही क्रमवारी संगणकाविना, कागदावरील यादी व पाळीपाळीने करावयाचे दूरध्वनी यांच्या आधारेही राखता येते. वीज गेली वा मोबाइलचे जाळे कोलमडले म्हणजे तीच कामी येते. उलटपक्षी, किरकोळ सूचनाही त्याच मार्गाने वारंवार धाडल्यास कानांस सवय होते आणि खऱ्या प्रसंगीची हाक वाया जाते.

व्यवस्थेची कक्षा रुग्णालयाच्या भिंतींपाशी संपत नाही. परभणी जिल्ह्यात ९ तालुके आहेत. गोदावरीकाठच्या गंगाखेडला पूर आला, वा जिंतूरच्या रस्त्यावर बस उलटली, तर किती जखमी येत आहेत हे जिल्हा रुग्णालयास वाटेतच कळले पाहिजे. २०१४ पासून राज्यात चालू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा हा त्यातील एक दुवा होय. जिल्हाधिकारी कार्यालयातील नियंत्रण कक्ष हा दुसरा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष उभारले. मराठवाड्याने फार मोठी किंमत मोजून मिळविलेला हा धडा रुग्णालयांच्या दैनंदिन व्यवहारात उतरणे अद्यापही तितकेच निकडीचे आहे.

राहता राहिले नातेवाईक. माहिती न मिळाल्यास ते आत धाव घेतात, वाटा अडतात व अफवांस ऊत येतो. त्यांच्यासाठी एकच ठरलेली जागा, एकच बोलणारा अधिकारी आणि ठरावीक अंतराने निवेदन, मग नवे काही सांगण्यासारखे नसले तरी, एवढी तरतूद पुष्कळ होते.

सारांश, आपत्कालीन सूचनाव्यवस्था ही विकत घेण्याची वस्तू नसून अंगवळणी पाडण्याची शिस्त आहे. तिची कसोटीही साधीच आहे. रात्रपाळीवर नुकत्याच रुजू झालेल्या परिचारिकेस विचारावे : धूर दिसल्यास प्रथम कोणास कळवाल, कोणत्या शब्दांत, आणि तो न आल्यास पुढे कोणास? या तीन प्रश्नांची उत्तरे तिला विनासायास देता आली, तर त्या रुग्णालयात व्यवस्था आहे असे समजावे. न आली, तर भिंतीवरील भोंगा केवळ शोभेचा होय.