विसर्जनाचं फुटेज लावायचं कसं?

लालबागच्या राजाची मिरवणूक अनंत चतुर्दशीला सकाळी निघते आणि गिरगाव चौपाटीला दुसऱ्या दिवशी पोहोचते. तीन-चार कॅमेरे लावले, तर शेकड्यांनी क्लिप्स जमतात. मध्यरात्रीनंतर तारीखही बदलते. म्हणून आधी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवा. कार्ड भरलं की दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. दोन्ही प्रती तपासल्याशिवाय कार्ड पुसू नका. फोल्डर कॅमेऱ्यानुसार करा, त्यात कार्डानुसार. मूळ फाइलींची नावं तशीच राहू द्या. लालबाग, भायखळा, चौपाटी ही ठिकाणं आणि ढोल, गर्दी, आरती हे विषय एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टॅग म्हणून लावा. सगळं फुटेज एकदा पाहून चांगल्या शॉट्सना खूण करा. कापाकापी त्यानंतरच सुरू करा.